सूर्यास्तासाठी जागा करा

गेल्या वर्षी पनवेलातल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा मला फोन आला. "बाई, आपल्या अगदी दाराशी असलेल्या माथेरानवर एक छान, प्रसन्न लेख द्या. पाहण्यासारखी ठिकाणं, कुठे राहावं, काय खावं, येताना काय आणावं. जन्मभर भूगोल शिकवलात, तुम्हाला काय अवघड आहे?" मी हो म्हणून बसले. लिहायलाही घेतलं. पहिल्याच ओळीत 'सह्याद्रीच्या कुशीत वसलेलं' असं लिहिलं आणि माझं डोकं फिरलं. माझी आई त्या डोंगराच्या पायथ्याशी जन्मली. तिला त्या कुशीत कोणी कधी घेतलं नाही. प्रसन्न लेख राहिला बाजूला आणि हे लिहून झालं.

तरी पर्यटकांना लागते ती माहिती आधी देऊन टाकते, म्हणजे नंतर कोणाची तक्रार नको. माथेरान हे डोंगराच्या सपाट माथ्यावरचं लहानसं गाव. गाड्यांना बंदी. दस्तुरी नाक्याला गाडी ठेवायची आणि पुढे पायी जायचं, नाहीतर घोड्यावर, नाहीतर हातरिक्षात, नाहीतर छोट्या रेल्वेच्या शटलने. लाल माती, दाट झाडी, जुने बंगले आणि त्या बंगल्यांची झालेली हॉटेलं. जिथे कडा तुटला तिथे एक पॉइंट. एको पॉइंटवर लोक एकमेकांच्या नावाने बोंबलतात, लुईझा पॉइंटवर दरीकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात, शार्लोट तलावाच्या काठी कणसं खातात आणि उरलेली दांडकी तिथेच टाकतात. बाजारात चिक्की, चपला, वेताच्या काठ्या. माकडं येऊन तुमच्या हातातली चिक्की हिसकावतात, आणि त्या गावात चाललेल्या सगळ्या व्यवहारांत मला तोच सर्वांत न्यायाचा वाटतो. शेवटी, प्रत्येक माहितीपत्रकात ठळक अक्षरांत, सनसेट पॉइंट.

माहितीपत्रकात नसतं ते असं, की त्या सनसेट पॉइंटच्या बाजूने एक पायवाट सरळ खाली उतरते. ती आमच्या पनवेल तालुक्यातल्या पायथ्याच्या गावांत जाते. एका अंगाला माथेरानचा कडा, दुसऱ्या अंगाला प्रबळगड आणि मधल्या खोऱ्यात आईचं माहेर. माथेरानात दूध, भाजी, कोंबड्या, अंडी, वालाच्या शेंगा, करवंदं जी काही पोचायची, त्यातली कितीतरी त्या वाटेने बायकांच्या डोक्यावरून पोचायची. अजूनही पोचतात. थंड हवेच्या ठिकाणी येऊन ताज्या भाजीचं कौतुक करणाऱ्यांना ती भाजी झाडांना लगडलेली असते असं वाटत असावं.

आई लहान असताना तिच्या आईबरोबर, म्हणजे माझ्या आजीबरोबर, पाटी घेऊन वर जायची. पहाटे निघायचं, बंगल्यांच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन माल द्यायचा, मीठ-रॉकेल घ्यायचं आणि काळोखाच्या आत खाली उतरायचं. पुढच्या दाराने जायची पद्धत नव्हती. पॉइंटवर थांबायचीही नव्हती. संध्याकाळी शेठ लोकांचे पाहुणे सूर्यास्त बघायला येत, तेव्हा तिथे पाट्यावाल्या बायका दिसलेल्या चालत नसत. बंगल्याचे रखवालदार खुर्च्या घेऊन पुढे यायचे आणि बायकांना हुसकावून लावायचे. एकदा आजी दम खायला तिथल्या दगडावर टेकली होती. रखवालदार म्हणाला, "ऊठ, पाव्हणं यायलेत सूर्यास्ताला, जागा कर." आजीला उठायला उशीर झाला. त्याने तिला ढकललं. ती पाटीसकट वाटेवर घसरत गेली, मनगट मोडलं, आणि ते पुढे जन्मभर वाकडंच राहिलं. त्या हाताने तिला पुन्हा कधी धड भाकरी थापता आली नाही.

आईने हे आम्हाला किती वेळा सांगितलं असेल, पण कधी रागाने सांगितलं नाही. पाऊस पडला, गाय व्याली, आयला ढकललं, सगळं एकाच सुरात. राग आम्हा भावंडांत माझ्याच वाट्याला आला. लहानपणी मी विचारायचे, "तू त्या माणसाला दगड का नाही मारलास?" ती म्हणायची, "बाय, आमी पाटी उचलावी का दगर?"

लग्न होऊन आई ओवे गावी आली. भाताची शेती, गुरं, दादा आणि मी. पुढे शेतीच्या जागी नवं शहर आलं, आमची जमीन गेली, दादा बिल्डर झाला आणि आम्ही पनवेलला राहायला आलो. दादाने आईला सगळं दिलं. एसी दिला, मोठा टीव्ही दिला, स्वयंपाकाला बाई दिली. आईने आपण होऊन कधी काही मागितलं नाही. म्हणूनच तिने ज्या दिवशी मागितलं, तो दिवस माझ्या पक्का लक्षात आहे.

दादा मित्रांबरोबर माथेरानला जाऊन आला होता आणि फोनवर फोटो दाखवत होता. आईने चष्मा लावून एक एक फोटो पाहिला. एकावर थांबली. "ह्यो सनसेट पॉइंट? ह्याच्यान तं माणसांच्या पाठीच दिसतात."

"गर्दी होती गं," दादा म्हणाला.

"मना तो दिस मावलताना बगाचा हाय," आई म्हणाली. "तितनाच. येकदा. येवढा काय व्हता त्याच्यान, का माज्या आयला ढकलली, त्यो मना बगाचाय."

वयाची पंचाहत्तरी उलटेपर्यंत ही बाई मनात काय घेऊन बसली होती ते आम्हाला त्या दिवशी कळलं. तिला वाटत होतं, तिथे काहीतरी असं असणार की ज्याच्यासाठी एखाद्याला ढकलणं भाग पडावं. ते एकदा पाहिलं की तिचं समाधान होणार होतं.

दादाने लगेच बेत ठरवला. दादाचं प्रेम नेहमी बुकिंगच्या रूपात येतं. माथेरानातलं सर्वांत महागडं हॉटेल, जुना बंगला, मोठी खोली, पुढे व्हरांडा. एक रात्र राहायचं, सकाळी परत, कारण दुपारी त्याची मीटिंग. जानेवारीतला शनिवार. निघताना आई खाली आली ती हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीत वालाच्या शेंगा. दादा म्हणाला, "आई, तिकडे जेवण हॉटेलात आहे. शेंगा कशाला?"

"डोंगरावर रिकाम्या हातानी कोन जाते?" आई म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसली.

पनवेलहून माथेरानला गाडीने जायचं म्हणजे अख्ख्या डोंगराला वळसा. चौक, कर्जत, नेरळ, मग घाट. आई खिडकीतून डोंगराकडे बघत राहिली. "आमी तं सरल वर जायाचू," एवढंच म्हणाली. दस्तुरीला उतरल्याबरोबर घोडेवाल्यांनी घेरलं. "मॅडम, सात पॉइंट, बारा पॉइंट, सगळे पॉइंट दाखवतो." दादाने आईसाठी घोडा ठरवला, ती बसेना. हातरिक्षा ठरवली, तर रिक्षा ओढणाऱ्या माणसाकडे बघून तिने तोंड फिरवलं. "मानसानी मानसाला वढाचा? मी नाय बसनार." शेवटी शटलने गेलो. गाडीभर पोरं किंचाळत होती, कोणाच्यातरी स्पीकरवर गाणी चालू होती, आणि शांत निसर्गात चार दिवस घालवायला आलेले लोक एकमेकांच्या अंगावरून बाहेरचे फोटो काढत होते. मी त्यातल्या दोघांना सुनावलं. दादाने मला डोळ्यांनी गप्प केलं.

हॉटेल खरोखर सुंदर होतं, ते मला नाकारता येत नाही. लाल मातीची वाट, दोन्हीकडे झाडं, पुढे मोठा व्हरांडा, वेताच्या खुर्च्या. दादा काउंटरवर कागद भरत होता, मी सामान बघत होते. वळून पाहते तर आई नाही.

मी आधी व्हरांड्यात बघितलं, मग बागेत. मग मागच्या बाजूने एका पुरुषाचा चढा आवाज ऐकू आला. "आज काही घ्यायचं नाही. सांगितलं ना? आणि इथून आत यायचं नाही. पुढून तर अजिबात जायचं नाही, गेस्ट आहेत." मी धावत गेले. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी माझी आई उभी होती, वालाच्या शेंगांची पिशवी पुढे धरून. समोर टाय घातलेला हॉटेलचा माणूस, आणि तो दार लावून घेत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. आवाज ऐकून दादा आला. त्याने फोनवरचं बुकिंग त्या माणसाच्या नाकासमोर धरलं. त्या माणसाचा चेहरा उतरला, आवाज उतरला, कमरेतून वाकला. "सॉरी सर. सॉरी आजी. मला वाटलं, खालून आलेत विकायला." म्हणजे विकायला आलेली असती तर चाललं असतं. मी तेही त्याला ऐकवलं.

मला वाटलं, दादा आता त्याला फाडून खाईल. दादा आईकडे वळला. "आई, तू मागून कशाला गेलीस? एवढं मोठं दार समोर आहे. चार लोकांत काय शोभा झाली."

आई बिचकली. पिशवी पोटाशी धरून म्हणाली, "आरं, ह्यो दरवाजा मना ठाव हाय. ह्याच बंगल्यान आमी यायाचू. फुरचा दरवाजा मी कंदी बगितलाच नाय."

हॉटेलवाल्याचा मला राग आला होता, पण तो परका होता. दादाचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. ज्याची आई साठ-पासष्ट वर्षांनी त्याच दाराशी त्याच पद्धतीने शेंगा घेऊन जाते, कारण तिला तेच शिष्टाचाराचं वाटतं, त्याला त्यात स्वतःची शोभा दिसते. मी त्याला म्हटलं, "लाज वाटायची तर त्याला वाटू दे, दार लावत होता त्याला. तू आईवर काय ओरडतोस?" त्याने मान दुसरीकडे फिरवली.

मग हॉटेलवाल्यांनी भरपाई म्हणून चहाचा थाट मांडला. पुढच्या व्हरांड्यात पांढरं कापड, केक, सँडविच, भजी, किटलीवर टोपी. मॅनेजर जातीने उभा. दादा खूश. त्याची गाडी रुळावर आली. मॅनेजरला तो पनवेलच्या जमिनींचे भाव समजावून सांगायला लागला. आई खुर्चीच्या टोकावर बसली होती. केकला तिने हात लावला नव्हता. ती झाडांमधून येणाऱ्या उन्हाकडे बघत होती आणि ते ऊन पिवळं होत चाललं होतं.

"दादा, ऊठ," मी म्हटलं. "पॉइंट लांब आहे. आईला चालायला वेळ लागतो."

"अगं, हे एवढं करतायत तर दोन घास खाऊन घेऊ. सूर्य कुठे पळून जात नाही. नाहीतर पुढच्या खेपेला बघू."

पुढच्या खेपेला! आईचे गुडघे, आईचं वय, आणि याला पुढची खेप दिसत होती. मी खुर्ची मागे सरकवली, आईला हात दिला आणि म्हटलं, "चल गं." दादा मागून हाका मारत राहिला, "घोडा तरी घ्या!" मी मागे वळून पाहिलं नाही.

आई हळू चालत होती, पण थांबत नव्हती. बाजार संपला, झाडी लागली. घोडे आमच्या बाजूने उधळत जात होते आणि लाल धूळ आमच्या तोंडावर येत होती. एका वळणावर आईने मला न विचारता मोठी वाट सोडली आणि झाडांमधल्या एका बारीक वाटेने वळली. मी म्हटलं, "बोर्ड तिकडचा आहे." ती म्हणाली, "बोर्ड त्यांना."

पॉइंटच्या जवळ आल्यावर मागून बायका आल्या. रिकाम्या पाट्या, रिकामे कॅन, अंगावर चढवलेले जुने स्वेटर. त्या पायवाटेकडे घाईने चालल्या होत्या. त्यांतली एक आईकडे बघून थबकली. आईचं नेसणं लुगड्याचं, चेहरा तिकडचाच. "मावशे, कंच्या गावची तू? उतरतंस ना? कालोख व्हईल."

"नाय," आई म्हणाली. "आज मी थांबाला आलंय."

त्या बाईला काही ते कळलं नसावं. ती हसली आणि पुढे गेली. कड्यावरून खाली उतरणारी त्यांची रांग आई दिसेनाशी होईपर्यंत बघत उभी राहिली.

कठड्यापाशी हीऽ गर्दी. फोनच फोन. कोणी खांद्यावर पोरं घेतलेली, कोणी कठड्यावर चढलेलं, एक नवं जोडपं हाताच्या पंजावर सूर्य ठेवल्याचा फोटो काढत होतं आणि तो काही केल्या पंजावर बसत नव्हता. मी कोपरांनी वाट काढली. कोपरं मला देवाने त्यासाठीच दिली आहेत. कठड्याच्या मधोमध, अगदी पुढे, एक सपाट दगड होता. त्यावर आईला बसवलं. शेंगांची पिशवी तिने मांडीवर ठेवली.

समोर प्रबळगड. त्याच्या खांद्याशी सूर्य टेकलेला. लाल झाला, चपटा झाला, अर्धा झाला. मी सूर्याकडे कमी आणि आईकडे जास्त बघत होते. ती डोळे बारीक करून बघत होती, पापणी न हलवता, परीक्षेला बसल्यासारखी. शेवटची कड डोंगरामागे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, आणि अर्धी गर्दी लगेच भज्यांच्या गाड्यांकडे वळली.

"झाला?" आईने विचारलं.

"झाला."

"येवढाच?"

मी मान हलवली.

"ह्यो तं आमचाच दिस," आई म्हणाली. "आमच्या आंगनातना रोज दिसं. ह्याच प्रबलाच्या मागं जायाचा. आय भांडी घासाला बसं तवा आमच्या तोंडावर ऊन येयाचा." तिचा आवाज चढला. मी जन्मात कधी तो तसा ऐकला नव्हता. "मी म्हंते, काय तरी असंल. मानसाला ढकलतात म्हंजे काय तरी असंल! काय बी नाय. काय बी नाय तिथं. ह्याच्यासाठी ढकलली गं माज्या आयला? ह्याच्यासाठी?"

मला वाटलं होतं की ती बघेल, समाधान पावेल, आपण तिला शाल गुंडाळून परत नेऊ. माझा सगळा राग, जन्मभर पोसलेला, तिच्या त्या रागापुढे पोरखेळ वाटला.

तेवढ्यात मागून एक तरुण पुढे आला. चांगल्या घरचा, बोलायला गोड. त्याच्या बायकोने केस सारखे केले होते. आकाश अजून लाल होतं. "आजी, प्लीज जरा साइडला व्हाल? तुम्ही फ्रेममध्ये येताय. दोनच मिनिटं."

मी तोंड उघडलं. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"नाय सरनार," ती म्हणाली.

"आजी, फक्त एक फोटो..."

"येक नाय, धा काड. मी नाय उठनार हितना."

तो गोंधळला, हसला, बायकोकडे बघून खांदे उडवले. दुसरे दोघं-तिघं आले, त्यांनीही गोडीने सांगून पाहिलं. तेवढ्यात दादा धापा टाकत पोचला. घोड्यावरून आला होता, हातात आईसाठी शाल. "आई, झालं ना बघून? चल आता, अंधार पडतोय. लोक खोळंबलेत."

"खोलंबूदे," आई म्हणाली. "तू जा. ना तर बस हितं माज्या बाजूला. पन उठवू नको मना."

काय दादाच्या मनात आलं कोण जाणे, तो त्या लाल मातीत, पांढऱ्या पँटने, आईच्या पायाशी बसला. आम्ही तिघंही हललो नाही. लोक डावीकडून प्रयत्न करत होते, उजवीकडून करत होते, फोन उंच धरत होते. पूर्ण काळोख होईपर्यंत ज्याने ज्याने तिथे फोटो काढला, त्या प्रत्येकाच्या फोटोत मधोमध माझी आई आहे.